कन्हानच्या रेतीवरची राखण

माझ्या शालिकमामाला सगळी वस्ती वेडा म्हणायची आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आता मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहाणीसुरती माणसं जाम नदीच्या काठावर उभी राहून सावरगाववाल्यांची डोकी दगडांनी फोडतात, आपलीही फोडून घेतात, संध्याकाळी टाके घालून घरी येतात, आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. माझा मामा नदीच्या पात्रात उतरून पाखरांची अंडी राखायचा, तर तो वेडा. पण खरं सांगायचं तर मामाला या वेडेपणाची लाज कधी वाटली नाही. त्याला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती त्याच्या मानेतून शेवटपर्यंत गेली नाही.

मामा लोधीखेड्याच्या अलीकडे, कन्हानच्या काठच्या वस्तीत राहायचा. हिवाळाभर तो सौंसरच्या एका व्यापाऱ्याकडे संत्र्याच्या पेट्या भरायचा. तणस अंथरून संत्री अशी रचायचा, की पेटी पार कलकत्त्यापर्यंत गेली तरी एक फळ डागाळायचं नाही. असं तो स्वतःच सांगायचा. कलकत्त्याहून कुणी तसं कळवल्याचं मला माहीत नाही. मृगाच्या बहाराची फळं संपली की पेट्या थांबायच्या. मग बाकीचे लोक लग्नांच्या पंगतीत जेवत फिरायचे आणि मामा फावडं खांद्यावर टाकून नदीची वाट धरायचा, ते थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत.

उन्हाळ्यात कन्हान आटली की पात्राच्या मधोमध रेतीचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो. झाड नाही, झुडूप नाही, दोन्ही अंगांनी पाणी. या बेटावर काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. छातीनं रेतीत खोलगा करायचा आणि त्यात अंडी ठेवायची, तीही रेतीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात; वस्तीत कुणी म्हणालंच तर टोपीवाली म्हणायचे. एप्रिल लागला की काठाकडची बारीक धार आटायला लागते, बेट काठाला चिकटतं, आणि मग कुत्री, कोल्हे, शेळ्या, पोट्टे, सगळे आरामात चालत आत जातात. मामाचं काम एवढंच, की ती धार आटू द्यायची नाही. बेटाच्या आणि काठाच्या मध्ये त्यानं रेतीत एक चर खणला होता आणि रोज तो उपसायचा. रेती घसरून घसरून चर भरत राहायची, मामा पुन्हा उपसायचा. उरलेला दिवस काठावरच्या करंजाखाली काठी घेऊन बसायचा आणि कुत्री हाकलायचा. बेटावर तो स्वतः कधी पाय ठेवत नसे.

"आपून गेलो का ते उडते," तो मला म्हणायचा, "अन् ते उडलं का अंडं भाजते. माय पोट भिजवून आनते ना पान्यात, अन् मंग बसते अंड्यावर. तिले उठवाचं नाही दुपारचं."

हे वेड लावलं सौंसरच्या मोरेश्वर सरांनी. सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून नदीनदीनं फिरायचे. एकदा करंजाखाली बसून त्यांनी मामाला सांगितलं, की दूर समुद्रात माणूसवस्ती नसलेली बेटं आहेत, तिथं या पाखरांचे भाऊबंद हजारोंनी अंडी घालतात, आणि त्यांची राखण करायला माणसं महिनोन्‌महिने एकटी जाऊन राहतात. पगार नाही, काही नाही.

"मंग कोनाच्या हुकमानं राह्यते?" मामानं विचारलं.

"कुणाच्याच नाही. आपल्या मनानं."

मामानं समुद्र कधी पाहिला नव्हता, नागपूरच्या पुढे तो गेला नव्हता. पण 'आपल्या मनानं' हे दोन शब्द त्याच्या डोक्यात असे बसले, की त्याच्याशी कशावरही बोला, फिरून तो तिथंच यायचा. त्याच्या बापाशी, म्हणजे माझ्या आजाशी त्याचं बिनसलं, तेही नेमकं याच दोन शब्दांवरून.

माझा आजा श्रावण हा गावचा कोटवार होता. कोटवारी आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली. गावाची राखण करायची, डफडं वाजवून दवंडी द्यायची, कुणाच्या मरणाचा सांगावा उन्हातान्हात परगावी न्यायचा, आणि साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्यापुढे घुंगराची काठी आपटत, "हटा, साहेब येऊन राहिले" असं ओरडत पळायचं. मिळायचं काय, तर लोकांच्या मनात आलं तर ओंजळभर जोंधळे. छप्पन्न साली आजा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि घरात पाऊल टाकण्याआधी नदीवर गेला. घुंगराची काठी त्यानं कन्हानच्या डोहात फेकली. मामा तेव्हा लहान होता, आजाच्या बोटाला धरून तिथंच उभा होता. काठी बुडाली नाही, वाहत गेली, आणि घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला, असं मामा सांगायचा.

अशा माणसाच्या पोरानं त्याच नदीवर काठी घेऊन राखणीला बसावं, तेही फुकट, म्हणजे काय झालं असेल बघा.

"कोन देते तुले याचे पैशे?" आजानं पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं.

"कोनी नाही देत, बा."

"मंग बेगार हाये ते."

"बेगार कायची? मी आपल्या मनानं करून राहिलो."

"आमी काठी फेकली," आजा म्हणाला, "अन् तू उचलली."

त्या दिवसापासून आजा मामाशी बोलेना. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन बोलेना. काही सांगायचं झालं तर इंदूमामीला सांगायचा, "त्याले मनाव, खाटेची दोरी सैल झाली," आणि मामा समोरच बसलेला. मामी बिचारी दोघांच्या मध्ये निरोप वाहून कंटाळली. एकदा ती चिडून म्हणाली, "मलेच कोटवारीन करून ठेवलं या घरात." दोघंही हसले नाहीत.

त्यात जयंती येते ऐन एप्रिलात. चौदा एप्रिलला सगळी वस्ती निळे झेंडे घेऊन सौंसरला मिरवणुकीला जायची आणि मामा चरावर. बाबासाहेबांच्या जयंतीला घरातला कर्ता माणूस पाखरांपाशी बसतो, ही गोष्ट आजाला चारचौघांत मान खाली घालायला लावायची. मामालाही ते टोचायचं. तो वरून बेफिकीर दाखवायचा. पण त्याला आतून एकच गोष्ट हवी होती. आपण हे हुकमानं करत नाही, मोकळा माणूस म्हणून करतो, हे बापानं एकदा मान्य करावं. बाकी वस्तीनं वेडा म्हटलं काय आणि शहाणा म्हटलं काय, त्याला फरक पडत नव्हता.

असे चार उन्हाळे गेले. शहाऐंशी साली मोरेश्वर सरांनी खटपट केली आणि जयंतीच्या कार्यक्रमात मामाचा सत्कार ठरला. मी तेव्हा शिकायला नागपूरला होते, सुट्टीला आले होते. मामानं पात्रातल्या डांगरवाडीतल्या, म्हणजे रेतीतल्या खरबुजांच्या मळ्यातल्या एका बाईला विनवून चरावर बसवलं, मामीनं धुतलेला सदरा अंगात घातला आणि तो मिरवणुकीत पहिल्यांदा आजाच्या शेजारून चालला. मंचावर खुर्ची. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर शाल, हातात नारळ. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्याचे एक मोठे साहेब आले होते. ते माइकवर म्हणाले, "शालिकरामजी जो कर रहे हैं, वो बिना किसी के कहे कर रहे हैं." पुढे सतरंजीवर बसलेल्या आजानं ते ऐकलं. मी आजाच्या बाजूलाच होते. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून उगाच म्हणाला, "धूळ लय हाये इथं."

साहेब जाताना म्हणाले, उद्या सकाळी आम्ही बेट पाहायला येतो. मामानं गळ्यातला हार न काढताच हात जोडले. "या ना साहेब, या ना." तो किती वेळा 'या ना' म्हणाला कोण जाणे. आणि बसस्टँडवर आजा मामीकडे न वळता सरळ मामाकडे वळला. "शालिक, उद्या मी बी येतो. पाहू दे तरी काय हाये ते." मामीनं माझा हात एवढा जोरात दाबला, की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर सर असते तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला खूप दिवस वाटायचं. ते एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. आता तसं वाटत नाही. साहेब सकाळी येणार होते, ते भर दुपारी आले. दोन जीपगाड्या, साहेब, त्यांच्या मॅडम, लेकरं, पाहुणे, चपराशी, डबे. मामा सकाळपासून शाल खांद्यावर टाकून, काठी घेऊन उभा. मी आणि मामी करंजाखाली तीन दगडांवर चहा उकळत होतो. आजा झाडाला टेकून बसला होता.

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "वाह! यहाँ से तो अच्छा दिखता है," ते म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ते काठावरच थांबायला तयार होते. आणि माझा मामा, जो शेळीला तिकडे जाऊ देत नव्हता, जो स्वतः चार वर्षांत बेटावर गेला नव्हता, तो म्हणाला, "इथून काय दिसते साहेब? चला ना, जवळून दाखवतो."

मॅडमनी चरातल्या पाण्याकडे पाहिलं आणि मग आपल्या सँडलांकडे. बोलल्या काहीच नाहीत. कुणीच काही बोललं नाही. मामानं फावडं उचललं आणि चर बुजवायला लागला.

मला आधी कळेचना तो काय करतोय. मामीच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. ती धावत गेली. "अवो, काय करून राहिले? चर काहून बुजवता?"

"तू चूप राह्य," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब गेले का खोलतो लगेच."

घामानं भिजत, शाल सावरत त्यानं साहेबांच्या बुटांना पाणी लागू नये म्हणून वाट केली. इतक्या दिवसांची मेहनत त्यानं स्वतःच्या हातानं मिटवली, आणि तोंडावर हसू. ते हसू मला आजही आठवायला नको वाटतं. मग तो काठी आपटत पुढे झाला. डांगरांच्या टोपल्या घेऊन दोन बायका पात्रातून येत होत्या, त्यांच्यावर ओरडला, "हटा, हटा! साहेब येऊन राहिले!"

माझ्यामागे आजा उठून उभा राहिला. त्याला ते शब्द ऐकून तीस वर्षं झाली होती. त्यानं चप्पल काढून हातात घेतली आणि सगळ्यांच्या मागून, हळूहळू, तोही त्या बुजवलेल्या वाटेनं बेटावर गेला.

पाखरं सगळी एकदम उठली. डोक्यावर घिरट्या घालून, झेपा टाकून, घसा फोडून ओरडायला लागली. खाली अंडी उघडी, वर एप्रिलचं ऊन. मॅडमना बसायला काही नव्हतं, तर मामानं खांद्यावरची सत्काराची शाल रेतीवर अंथरली. डबे उघडले गेले. पुरी-भाजी झाली. मॅडमनी विचारलं, "ये इतना क्यों चिल्ला रहे हैं?" आणि मामा म्हणाला, "खुश झाले जी. पाहुने आले ना."

हे आजानं नंतर मामीला सांगितलं. 

पाहुणे उठले तेव्हा मामा पुन्हा काठी घेऊन पुढे झाला. आलेल्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला जायचं ही आमच्याकडची रीतच आहे. पण मामा जीपपाशी थांबला नाही, जीपच्या पुढे चालत, वाटेतली काटेरी झुडपं काठीनं बाजूला करत पार डांबरी सडकेपर्यंत गेला. आजा थकला होता, बेटावरच बसून राहिला. आम्ही करंजाखाली भांडी आवरत होतो. पुऱ्यांचे तुकडे आणि भाजी रेतीवर सांडली होती. त्या वासानं डांगरवाडीकडची कुत्री आली आणि चर तर होताच बुजलेला.

म्हाताऱ्याची आरडाओरड ऐकून आम्ही धावलो. आजा एका हातानं दुपट्टा फिरवत, दुसऱ्या हातानं रेती फेकत कुत्र्यांच्या मागे जात होता. पडत होता, उठत होता. "काठी!" तो ओरडत होता. "काठी कोठी हाये? काठी आना कोनी!" काठी मामाच्या हातात होती आणि मामा जीपच्या पुढे चालत होता.

मामा परत आला तेव्हा सगळं झालं होतं. काही अंडी कुत्र्यांनी खाल्ली, काही माणसांच्या पायांखाली गेली होती, आणि जी अख्खी दिसत होती ती इतकी तापली होती, की हातात धरवत नव्हती. पाखरं खाली उतरत होती, भिजलेलं पोट घेऊन त्या अंड्यांवर बसत होती. मामानं एकदा सगळीकडे पाहिलं. मग तो आजाच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं काठी खाली टाकली. मला वाटलं, आता म्हातारा त्याला फाडून खाणार.

आजा धापा टाकत होता. त्याच्या गुडघ्यांना रेती लागली होती. "साहेबानं तुले म्हटलं होतं का, चर बुजव मनून?" त्यानं विचारलं.

"नाही, बा."

"हटा-हटा करत पुढं चाल, असं म्हटलं होतं?"

"नाही."

"मले बी शेवटी शेवटी कोनी म्हणत नोहतं," आजा म्हणाला. "पह्यले पह्यले कोडा पडे, मनून पळत होतो. मंग कोडा नोहता, तरी पळत होतो. साहेब मागं हाये येवढं कळलं का पाय आपलेच चालू. त्याची लाज वाटे मले, शालिक. काठी मी त्या लाजेनं फेकली. तुह्या हातात काठी पाह्यली अन् तेच आठवलं, मनून बोलत नोहतो तुह्याशी. तू वेगळा निघशीन असं कालच वाटलं होतं."

एवढं बोलून तो मामीच्या खांद्याचा आधार घेऊन निघाला. मामा तिथंच उन्हात उभा राहिला. शाल रेतीवर पडली होती, तिच्यावर भाजीचा डाग. कुणी ती उचलली नाही.

त्यानंतरचे दिवस मामानं कसे काढले, ते मी पाहिलंय. तो रोज नदीवर जायचा आणि रिकाम्या बेटाभोवतीचा चर उपसायचा. पुन्हा उघडा केला, पहिल्यापेक्षा खोल केला. मामी म्हणाली, "आता कायसाठी?" तरी त्यानं फावडं थांबवलं नाही. करंजाखाली बसायचा तो वाटेकडे पाठ करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड दाखवायला नको. मोरेश्वर सर आले तेव्हा "कुत्र्याईनं खाल्ले, सर" एवढंच म्हणाला. सरांनी त्याची समजूत काढली, पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याला सोसवेना. सर गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुमे, कुत्र्याले नाव लावलं म्या." लाज माणसाला किती लहान करते हे मी तेव्हा पाहिलं. धिप्पाड मामा घरात असा वावरायचा, की भिंतीला सुद्धा धक्का लागू नये. जेवताना ताटात पडेल ते खायचा, मीठ मागायचा नाही. आजा आता त्याच्याशी बोलायचा, सरळ बोलायचा, "शालिक, दोरी आवळ," "शालिक, पानी दे." ज्या बोलण्यासाठी मामा चार वर्षं झुरला, ते आता मिळत होतं, आणि ते ऐकताना तो मान वर करत नव्हता.

पाखरं दुसऱ्या वर्षी आली. कमी आली, पण आली. मामाही गेला. आणि एप्रिलात साहेबांचा निरोप आला, की मागच्या वर्षीचं बेट फार सुंदर होतं, भोपाळचे पाहुणे आहेत, त्यांना घेऊन येतो.

मी तेव्हा तिथं नव्हते. पुढचं मला मामानंच सांगितलं, आणि सांगताना तो पूर्ण वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

जीपचा आवाज आला तसे त्याचे पाय हलायला लागले. तो म्हणाला, "सुमे, खोटं नाही सांगत. मनात नाही-नाही चालू होतं अन् पाय पुढं जाऊन राहिले होते. काठी फेकून देल्ली तरी जाऊन राहिले होते." साहेब काठावर उतरले, हसले, म्हणाले, "कैसे हो शालिकराम?" तेव्हा मामा चरात शिरला आणि पाण्यात खाली बसला. मधोमध, छातीपर्यंत पाण्यात, मांडी घालून. उभा राहिला असता तर चालायला लागला असता, म्हणून बसला. बसल्या बसल्या हात जोडले.  शेवटी कसाबसा म्हणाला, "साहेब, तिकडं नाही जाता येत. अंडे हायेत. आपून गेलो का मरते."

आणि तो वाट पाहू लागला. कशाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. शिवीची असेल, चपराशाच्या हाताची असेल. निदान साहेबाचा चेहरा बदलेल, एवढी तरी त्याची खात्री होती.

साहेब म्हणाले, "अरे! तो पिछले साल बोलना था न, भाई. हमें क्या मालूम?" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "यहीं से देखते हैं." करंजाखाली सगळे बसले, दुर्बीण हातोहात फिरली, डबे खाल्ले, कागद-बिगद गोळा करून घेतले आणि निघून गेले. जाताना साहेबांनी हात हलवला. मामा पाण्यातच बसून होता. जीपचा आवाज पार बंद झाला तरी त्याला उठवेना.

तो ओल्या कपड्यांनी घरी आला. मामीला कुणीतरी आधीच येऊन सांगितलं होतं, ती आनंदानं दारात उभी. "अडवलं म्हने तुमी साहेबाले!" मामा तिच्या बाजूनं आत गेला आणि आजाच्या खाटेपाशी खाली बसला. आजानं त्याच्या ओल्या धोतराकडे पाहिलं.

"का म्हणाला साहेब?"

"का म्हणला... बोलना था न, म्हणला." मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "येका शब्दाचं काम होतं, बा. येका शब्दाचं. तेवढ्यासाठी मारले म्या ते सगळे."

मामी म्हणते, त्याला तसं रडताना तिनं ना आधी पाहिलं होतं, ना नंतर पाहिलं.  आजाच्या काळी तो शब्द एवढा स्वस्त नव्हता, पाठीची सालटं निघाली असती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामाला समजावायला आजाला तेवढं सांगता आलं असतं. पण तो दुसराच काही विचार करत होता.

"मह्या वक्ती येका शब्दाचं काम नोहतं," तो म्हणाला. "तुह्या वक्ती होतं. मधी कवा बदललं, ते मले बी नाही कळलं. शेवटच्या दोनचार वर्सांत मी 'नाही' म्हटलं असतं तर का झालं असतं, कोनाले मालूम? कवा म्हणून पाह्यलंच नाही." त्यानं हात पुढे करून मामाचं ओलं मनगट धरलं. "या गावात सगळ्या दवंड्या म्याच देल्या, शालिक. येवढी येकच दवंडी कोनी देली नाही."

मामीनं कोरडं धोतर आणून दिलं. मामा उठला, धोतर बदललं आणि फावडं घेऊन पुन्हा नदीवर गेला, कारण तो बसला होता तिथं चराची रेती घसरली होती.